मशीन बंद करून वडिलांनी विडी ओढली तर चालेल का? त्यांना घरी ऑक्सिजन लावलाय.

नाही, मशीन बंद करून लगेच विडी पेटवणं धोक्याचंच आहे, कारण ऑक्सिजन तोवर त्यांच्या शर्टात, मिशीत, उशीत मुरलेला असतो. घरोघरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं हे मशीन, बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि नळी चालू ठेवून उशीवर टाकलेली मी कितीदा पाहिलीय. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, नळीतून येतो तो बहुधा ९० च्या आसपास. तो स्वतः पेटत नाही, पण एरवी नुसती धुमसणारी ठिणगी त्यात भडकते. नाकातली प्लास्टिकची नळी पेटून वितळते, कातडीला चिकटते. नाक, ओठ, गाल भाजतात. गरम धूर आत गेला तर श्वासनलिका सुजते, आणि आधीच थकलेल्या फुप्फुसांना ते झेपत नाही.

सवय सुटेपर्यंत निदान एवढं तरी पाळा:
- मशीन बंद, नळी काढलेली, घराबाहेर मोकळ्यावर, आणि किमान २० मिनिटं थांबूनच. यानं धोका कमी होतो, संपत नाही.
- नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन किंवा तेल नको, पाण्यात विरघळणारं जेल चालतं.
- देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासूनही नळी लांब.

भाजलंच तर आधी मशीन बंद करून नळी बाजूला काढा, २० मिनिटं नळाचं गार पाणी सोडा आणि १०८ ला फोन लावा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका.