पायवाट आखण्याआधी उन्हात चाल

बापू, लातूरच्या त्या नव्या लेआउटमध्ये नकाशावर पेन्सिल टेकवण्याआधी मे महिन्यात भर दुपारी चालून ये. बायामाणसं, शेळ्यावाले कुठून जातात ते बघ. ती वाट बंद केलीस तर कुंपण वाकवून तिथूनच जातील.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक टाकले की वाट लाटांसारखी होते; माझी झाली होती, दोन पावसाळ्यांत. माती उकरून मुरूम भर, थराथरानं पाणी मारून रोलर फिरव, उतार नाल्याकडं दे. रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नको. पश्चिमेला कडुनिंब, करंज लाव. गुलमोहर दिसतो छान, पण वाऱ्यात फांद्या मोडतात. ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा, लेआउटवाले कोपऱ्यात ढकलायला बघतील, तिथं मात्र भांड.