केएमटीच्या नवीन बसचे पैसे नेमके देतं कोण?

तुम्ही विचारलंय की केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेच्या, नवीन बस, डेपो, चार्जिंग हे सगळं तिकिटातून निघतं का, आणि नसेल तर देतं कोण. निघत नाही हो. माझे काका केएमटीत कंडक्टर होते, ड्युटी संपली की भरणा करायच्या आधी बॅगेतली चिल्लर ओतून रुपया, दोन रुपये, पाच रुपये अशा चळती लावायचे आणि म्हणायचे, एवढी बॅग गच्च भरली तरी डिझेल आणि पगारातच जाती, नव्या गाडीचं नाव काढू नकोस.

म्हणून गाडी आणायचा खर्च वेगळा धरा आणि रोज पळवायचा वेगळा.

आणायला बहुतेक वेळा दिल्लीचे पैसे. मागं जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरांसाठीच्या योजनेतून बस मिळालेल्या, आता 2023 ची पीएम ई-बस सेवा, देशभरात 10,000 इलेक्ट्रिक बस, त्यात कोल्हापूरला 100 मंजूर. गंमत म्हणजे यात महापालिका गाडी विकत घेतच नाही, गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, त्याला किलोमीटरमागं पैसे मोजायचे. 12 मीटरच्या गाडीला केंद्र किलोमीटरला 24 रुपये देतं, 9 मीटरच्या गाडीला 22, तेही 10 वर्षंच. डेपोला वीज आणायचा खर्च केंद्राचा, बांधकामात मात्र आपल्याला हात घालावा लागतो. आणि ठेकेदाराचा दर केंद्राच्या त्या किलोमीटरमागच्या पैशाच्या वर जेवढा, तेवढा आपण भरायचा, मग गाडी गंगावेशीतनं मोकळी गेली तरी.

रोजच्या खर्चाला तिकीट, पास, बसवरच्या जाहिराती, एवढंच काय ते. खाली पडलेली तूट महापालिका भरते म्हणजे शेवटी आपला घरफाळा, आणि जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर राज्याकडनं येणारं जीएसटीचं अनुदान. त्याच पैशात गटारी, दिवाबत्ती, पगार पण बघायचे असतात, त्यामुळं केएमटीचा नंबर लांब लागतो. एसटीला महिलांच्या अर्ध्या तिकिटाचा फरक सरकार भरून देतं हे बघून केएमटीवाल्यांना काय वाटत असेल देव जाणे.

आता कुणीतरी म्हणेलच, खाजगी कंपनीला बीओटीवर देऊन टाका की, म्हणजे पैसे तिनं घालायचे, लोकांकडनं वसूल करायचे आणि मग परत सोपवायचं. कोल्हापुरात हे जरा हळू बोला. इथं असंच बीओटीवर एका कंपनीनं 220 कोटीचे, जवळपास 50 किलोमीटरचे रस्ते केले, टोलनाके बसवले, आणि मग सगळं गाव रस्त्यावर आलं, शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस उन्हात चालत होता. मी पण मोर्चात होतो आणि पुन्हा निघाला तर पुन्हा जाईन. 2015 संपता संपता टोल गेला. पण कंपनीची भरपाई राज्याच्या तिजोरीतनं द्यावी लागली, ते पैसे पण कुणाचेतरी होतेच की, हे तेवढं आम्ही घोषणा देताना बोललो नाही.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर केएमटीचं बजेट वेगळं मांडतात, ते मागून घ्या. त्यात तिकिटाचं उत्पन्न आणि महापालिकेची मदत, हे दोनच आकडे शेजारी शेजारी लिहा, बाकीची पानं नंतर चाळा.