आधी भिंतीवरचं नेचं काप

पुणे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दगडाच्या एका छेदाचा, म्हणजे कापाचा, फोटो पाहून मी त्यातल्या जीवाश्म नेच्याचं नाव सांगावं, असं तू लिहितेस. एका छेदावरून मी ते सांगणार नाही. तुझ्या वयात मी तसं केलं होतं. पुढचे छेद निघाले, तेव्हा मी ज्यांना दोन वेगळ्या वनस्पती समजत होतो ते एकाच देठाचे दोन भाग ठरले. देठाच्या बुडाशी झायलेमचा, म्हणजे पाणी वाहणाऱ्या ऊतीचा, आकार एक असतो, पानाकडे जाता जाता तो बदलतो.

म्हणून आधी जिवंत नेचं काप. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या ओल्या भिंतींवर टेरिस विट्टाटा हे नेचं उगवतं. त्याचा देठ गाजराच्या फोडीत धर, नव्या ब्लेडने पातळ छेद घे, सॅफ्रानिन या लाल रंगात ठेव. झायलेम लाल होतो, उघड्या पन्हळीसारखा दिसतो. बुडापासून वरपर्यंत वीस ठिकाणी काप आणि सगळी चित्रं हाताने काढ. उभाही छेद घे. ट्रॅकिडच्या, म्हणजे झायलेममधल्या लांबट पेशींच्या, भिंतीवर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे खळगे दिसतील. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नेच्यांतही हीच शिडी सापडते. मला अजूनही ती पाहताना भरून येतं.

पील, म्हणजे दगडावरून पेशींचा पातळ पापुद्रा सोलून घेणं, नंतर शीक. घासलेला दगड आम्लात धरला की खनिज झिजतं, पेशींच्या भिंती किंचित वर उरतात. त्या पृष्ठभागाला बोट लावू नकोस. अ‍ॅसिटोन ओतून अ‍ॅसिटेटचा कागद बसवायचा, वाळला की सोलायचा. चर्टसाठी, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडासाठी, मात्र हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. त्याची जखम सुरुवातीला दुखत नाही आणि आत खोल जाते. एकटीने ते कधीही हाताळायचं नाही, त्यावर उतारा म्हणून लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल जवळ असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

पुण्यात शिकवलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. टी. एस. महाबळे यांनी दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळखडकातून साल्व्हिनिया इंटरट्रॅपिया हे पाणनेचं 1950 मध्ये नोंदवलं. त्यांचा मूळ लेख वाच. स्वीडनमधल्या सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या शाही नेच्याच्या (रॉयल फर्न) जीवाश्मावरचा 2014 चा लेखही वाच: खनिजाने पेशी इतक्या झटकन गोठल्या की त्यांत केंद्रकं आणि गुणसूत्रंसुद्धा टिकली आहेत.

रविवारी ये. टेरिसची वीस चित्रं आण, आणि तुझ्या दगडाचे उरलेले तुकडेही. कापायचे कुठून ते दोघं मिळून ठरवू.

तुझे सर