कागदी रॉकेटची मॉडेल्स करायला कोणतं प्रमाण धरावं: १:९६, १:१०० की १:१४४?

इस्रोची पीएसएलव्ही व एलव्हीएम-३ आणि अमेरिकेचं सॅटर्न-५ ही तिन्ही रॉकेटं तुम्हाला कागदात करून एका ओळीत उभी करायची आहेत. नेटवर मिळणारे नमुने मात्र कुठे १:९६, कुठे १:१४४ असे वेगवेगळ्या प्रमाणांत आहेत, म्हणून सगळ्यांना मिळून एकच प्रमाण कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर १:१००, म्हणजे खऱ्या रॉकेटच्या शंभराव्या भागाएवढं मॉडेल. गेली काही वर्षं मी हेच करतोय आणि आता दुसऱ्या प्रमाणाकडे वळायची इच्छा नाही.

बहुतेक जण आधी उंची बघतात. पीएसएलव्ही ४४.४ मीटर, एलव्हीएम-३ ४३.५ मीटर, म्हणजे १:१०० मध्ये दोन्ही साधारण दोन वीत. उंचीवर काम अडत नाही, कारण नळकांडं कितीही तुकड्यांत करून एकावर एक चढवता येतं. अडतं ते जाडीवर. म्हणून कोणतंही रॉकेट हाती घेण्याआधी त्याचे दोनच व्यास शोधा: सगळ्यात जाड भागाचा आणि सगळ्यात बारीक नळीचा. जाड भागाचा घेर तुमच्या कागदात मावायला हवा आणि बारीक नळी तुमच्या बोटांना वळता यायला हवी. या दोन्हींच्या मधे जे प्रमाण बसेल ते तुमचं.

एलव्हीएम-३ चं वरचं टोपण, म्हणजे उपग्रह ज्याच्या आत असतो तो भाग, ५ मीटर व्यासाचं आहे. १:१०० मध्ये ते ५ सें.मी. होतं आणि घेर येतो १५७ मिलिमीटर. ए-फोर कागदाची रुंदी २१० आहे, तेव्हा चिकटवायची पट्टी धरूनही आरामात बसतं. पीएसएलव्हीचा गाभा २.८ मीटरचा, तिथे प्रश्नच नाही. तिथे खरी परीक्षा बाजूच्या बूस्टरांची, म्हणजे गाभ्याला चिकटून असलेल्या, उड्डाणाला जादा जोर देणाऱ्या छोट्या रॉकेटांची. ते १ मीटर व्यासाचे आणि एक्सएल प्रकारात सहा असतात. १:१०० मध्ये प्रत्येक नळी १ सें.मी. जाड, १२ सें.मी. लांब. पेनावर गुंडाळून सहज होते. १:१४४ ला तीच नळी ७ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीएवढी होते; जमते, पण सहाच्या सहा सारख्या यायला चिकाटी लागते. मी पहिलं पीएसएलव्ही १:२०० मध्ये केलं होतं. नळ्या ५ मिलिमीटरच्या. वळताना कार्डशीट तडकायचं, छपाईचा रंग उडून पांढऱ्या रेघा दिसायच्या आणि फेविकॉल सुकेपर्यंत जोड धरून ठेवायला बोटं पुरायची नाहीत.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रॉकेट लहान केलं तरी कागदाची जाडी तेवढीच राहते. नळकांड्याचे दोन तुकडे जोडायला आतून जी कडी लावतो, तिची लांबी बाहेरच्या घेरापेक्षा कागदाच्या जाडीच्या सव्वासहा पट कमी ठेवावी लागते. पाव मिलिमीटर जाडीचं कार्डशीट असेल तर जवळपास दीड मिलिमीटर. ४ सें.मी. व्यासाच्या नळीत हा फरक नजरेतही येत नाही. ५ मिलिमीटरच्या नळीचा अख्खा घेरच १६ मिलिमीटर, त्यात दीड म्हणजे दहावा हिस्सा! म्हणून मोठ्या प्रमाणाचा नमुना निम्मा करून छापला की कड्या आत शिरतच नाहीत. प्रमाण खाली आणलंत तर बारीक नळ्यांना साधा पातळ कागद वापरा.

आता सॅटर्न-५. ११०.६ मीटर उंच, खालचा व्यास १०.१ मीटर. १:१०० मध्ये घेर होतो ३१७ मिलिमीटर आणि ए-फोरची लांब बाजू २९७. मावत नाही. १:१४४ ला घेर २२ सें.मी. होतो आणि कागद आडवा धरला की बसतो, उंचीही पाऊण मीटरच्या आसपास राहते. फक्त सॅटर्नच करायचं असतं तर मी तुम्हाला १:१४४ च सांगितलं असतं. पण तुम्हाला तिन्ही हवीत, तेव्हा पहिला टप्पा, म्हणजे सगळ्यात खालचा भाग, दोन अर्ध्या तुकड्यांत करा. त्यावर काळे-पांढरे पट्टे आहेत. जोड काळा-पांढरा रंग मिळतो त्या रेषेवर घेतला की हातभरावरूनही दिसत नाही. आत दर १० सें.मी.वर पुठ्ठ्याची गोल चकती बसवा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत एवढा उंच कागद नक्की कलतो.

१:९६ आणि १:१४४ हे आकडे फूट-इंचांतून आलेत. एका फुटाला इंचाचा आठवा भाग धरला की ९६, बारा फुटांना एक इंच धरला की १४४. अमेरिकन रॉकेटांना ते सोयीचं. इस्रोची मापं मीटरमध्ये असतात, आणि १:१०० मध्ये एका मीटरचा एक सेंटिमीटर होतो. स्वतः आराखडा काढायचा असेल तर यासारखं सुख नाही.

तयार नमुना बदलायचा असेल तर त्याच्या प्रमाणाच्या आकड्याला नव्या आकड्याने भागा. १:९६ चा नमुना ९६ टक्क्यांवर छापला की १:१०० झाला. १:१४४ चा १४४ टक्क्यांवर न्यावा लागतो. भाग पानाबाहेर जातात, चित्रही फिकटतं. म्हणून दोन्ही मिळत असतील तर १:९६ चाच घ्या.

छपाईच्या दुकानात मात्र उभं राहून 'पानात बसवा' हा पर्याय काढायला लावा. माझ्या एलव्हीएम-३ ची अर्धी पानं एका दुकानात तशीच तीन टक्के लहान होऊन आली. गाभ्याचा घेर १२६ ऐवजी १२२ आला आणि वरचा भाग काही केल्या बसेना. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कडेला १० सें.मी.ची रेघ काढून ठेवतो आणि कात्री लावण्याआधी पट्टीने मोजतो.

आणखी एक विनंती. तिन्ही झाली की त्यांच्या शेजारी एसएलव्ही-३ कराच. १८ जुलै १९८० ला ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेणारं आपलं पहिलं रॉकेट. उंची २२ मीटर, जाडी १ मीटर, म्हणजे तुमच्याकडे २२ सें.मी.ची एक सडपातळ कांडी. ती एलव्हीएम-३ च्या नुसत्या बाजूच्या बूस्टरपाशी उभी करा. बूस्टरच तिच्यापेक्षा उंच आणि तिप्पट जाड भरतो. मी ती पहिल्यांदा तशी ठेवली, त्या संध्याकाळी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.