लॉन सुकतंय? हुमणी बघा

प्रश्न: पावसाळा संपत आला तरी लॉनवर पिवळे पॅच पडलेत, पाणी घालून काही फरक नाही, रात्री कोणीतरी उकरूनही जातं. घूस असेल का?

उत्तर: आधी पॅचच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा, गालिच्यासारखं अलगद उचललं गेलं तर मुळं हुमणीने (भुंगेऱ्याच्या अळीने) खाल्लीत, खाली पांढरट, तपकिरी डोक्याची, वळलेली अळी दिसेलच. उकरणारी चिचुंद्रीही असू शकते आणि ती अळ्या खायला येते, म्हणून प्लीज विष ठेवू नका, ते खाल्लेले उंदीर खाऊन मांजरं-घुबडंही मरतात! अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी संध्याकाळी ओल्या मातीत द्या. पुढच्या वर्षी पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे रात्री फांद्या हलवून गोळा करा, अंडी घालायच्या आतच.