क्रिएटिन चालू केलंय, आता दोन सेटमधली विश्रांती कमी केली तर चालेल का?

नाही, उलट क्रिएटिनचा (ताकदीच्या व्यायामासाठी घेतात ती पावडर) फायदाच त्यात वाया घालवाल. जड सेट मारताना पहिले ८-१० सेकंद स्नायू मुख्यतः फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे स्नायूतल्या झटपट ऊर्जेच्या साठ्यावर चालतो, तो साठा सेट संपला की परत भरायला लागतो, जवळपास अर्धा पहिल्या मिनिटातच भरतो पण पूर्ण व्हायला ३ ते ५ मिनिटं जातात. क्रिएटिनने टाकी थोडी मोठी होते एवढंच, भरायला वेळ तुम्हालाच द्यावा लागतो.

म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंचला सरळ ३ मिनिटं, खूपच जड असेल तर ५ पण घ्या, आणि मागे कोणी "भाऊ किती सेट राहिले" करत उभा असेल तर आलटून-पालटून मारा, विश्रांती आपोआप होते. कर्ल, लॅटरल रेझसारख्या छोट्या व्यायामांना १ ते दीड मिनिट बास. व्यायामशास्त्राचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड यांच्या २०१६ च्या अभ्यासात १ मिनिटवाल्यांपेक्षा ३ मिनिटवाल्यांची ताकद जास्त वाढली होती, आणि ती पोरं नवशिकी नव्हती. पहिल्या सेटला ८ रेप्स आणि दुसऱ्याला ५च निघाल्या तर आधी वेळ वाढवा, वजन नंतर बघू. टायमर लावा बरं का, रील बघत बसलं की ३ ची ७ होतात.

डोस रोज ३-५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट (नेहमीचा साधा प्रकार), सुट्टीच्या दिवशीपण, वर्कआउटच्या आधी की नंतर याने फारसा फरक पडत नाही. रक्त तपासणार असाल तर डॉक्टरांना सांगा, क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासायला रक्तात बघतात तो घटक) जरा वाढलेलं दिसू शकतं, आणि किडनीचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.