सौर होडीचं पॅनेल 6 व्होल्ट दाखवतं, तरी उन्हात पंखा का फिरत नाही?

पॅनेल बहुधा धडधाकट आहे, चूक मोटरच्या निवडीत आहे. तुम्ही लिहिलंय की मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 6 व्होल्ट, 1 वॉटचं पॅनेल आणलं, त्याला खेळण्यातल्या गाडीची मोटर जोडली आणि पंखा नुसता थरथरतो. काहीही न जोडलेलं पॅनेल ढगाळ हवेतही जवळजवळ पूर्ण व्होल्ट दाखवतं, त्यामुळे व्होल्ट मोजून काही कळत नाही. बघायचा तो करंट. 1 वॉट भागिले 6 व्होल्ट, म्हणजे कडक उन्हातही जेमतेम 165 मिलिअँपिअर. खेळण्यातली 3 व्होल्टची मोटर रिकामी फिरतानाच साधारण तेवढा घेते आणि पंख्यासकट जागची हलायला तिला त्याच्या कितीतरी पट लागतो. तेवढा करंट बॅटरीचा सेल देऊ शकतो, हे पॅनेल नाही. मागणी वाढली की त्याचे व्होल्ट एकदम कोसळतात.

खात्री करायची तर मल्टिमीटर 10 अँपिअरवर लावा, लाल वायर त्याच्या वेगळ्या भोकात घाला आणि दोन्ही टोकं भर उन्हात थेट पॅनेलच्या वायरींना टेकवा. पॅनेलला याने काही होत नाही. बॅटरीवर मात्र हा प्रयोग कधीही करू नका. 0.13 ते 0.16 अँपिअर, म्हणजे 130 ते 160 मिलिअँपिअर दिसलं तर पॅनेल उत्तम आहे.

आता मोटर बदला. भंगारातल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ट्रे उघडणारी, दोनच टोकं असलेली चपटी गोल मोटर असते. ती रिकामी फिरताना साधारण 20-30 मिलिअँपिअरच घेते. दुकानात मागताना ‘सोलर मोटर’ म्हणा. तिचा दांडा बहुधा 2 मिमीचा असतो, म्हणजे खेळण्यातल्या मोटरचा पंखाही बसतो.

पंखा हवेतलाच ठेवा, 75 मिमीच्या आसपास. पाण्यातल्या पंख्याला दांडा तळातून बाहेर काढावा लागतो; तिथून पाणी झिरपतं, ते अडवायला नळी घट्ट केली की घर्षण वाढतं आणि एवढ्याशा ताकदीत मोटर अडकते. आठवीच्या प्रकल्पासाठी तो खटाटोप मी करणार नाही.

होडीसाठी बूच घट्ट लावलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या, मध्यापासून मध्यापर्यंत 15 सेंमी अंतरावर, आणि वर 5 मिमीचा सनबोर्ड. सगळं मिळून वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या घरात जातं. दोन बाटल्या मिळून एक किलोहून जास्त पाणी बाजूला सारू शकतात, म्हणून त्या जेमतेम सातवा-आठवा हिस्सा बुडतात. हे गणित तक्त्यावर लिहायला लावा, परीक्षक नेमकं तेच विचारतात. थर्माकोल वापरणार असाल तर फेविक्विक आणि फेविबाँड लांब ठेवा, दोन्हींनी तो विरघळतो. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात सुटतो, त्यामुळे पाण्यात टिकणाराच घ्या.

पंख्याचं टोक पाण्यापासून किमान 1 सेंमी वर राहील इतक्या उंचीवर मोटर बसवा, बरोबर मध्यरेषेवर. ती थोडी जरी तिरकी असली तरी होडी गोल गोल फिरत राहते. मागे सरकली तर मोटरच्या वायरी अदलाबदल करा. वायरी नुसत्या पिळून जोडू नका, सोल्डर करा आणि वर गरम गोंदाचा थेंब सोडा.

मुलांना होडीवर झेंडा लावायचा असतोच. त्याची सावली पॅनेलवर पडणार नाही हे बघा. 6 व्होल्टच्या पॅनेलमध्ये साधारण 12 छोटे सौर सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यातला एक झाकला तरी सगळ्यांचाच करंट अडतो.

प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर आणखी एक. तेव्हा पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 50 अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे आडव्या पॅनेलला तिरपं ऊन मिळून करंट सुमारे तीन-चतुर्थांश होतो. सकाळी नऊला तर निम्म्याहून कमी. पॅनेल कलतं केलं तर होडी वळल्यावर ते उन्हाकडे पाठ करतं. म्हणून ते आडवंच ठेवा आणि तसंच दुसरं एक समांतर जोडा: लाल लालला, काळी काळीला. व्होल्ट तेवढेच राहतात, करंट दुप्पट होतो.

हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली किंवा एलईडीखाली होडी हलणार नाही. परीक्षण खिडकीपाशी किंवा मैदानात करायची विनंती शाळेला आधीच करा. ते जमत नसेल तर 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब पॅनेलवर 15 सेंमी अंतरावर धरा. पंखा हळू फिरेल, पण फिरेल. बल्ब आणि त्याची वायर टबाच्या पाण्यापासून लांब, मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या.